एकटीला उचलवेल असं प्लास्टिक

वाल्बोर्गचा जावई केनेत मला कधीच आवडला नाही. राहतो तिकडे तुर्कू शहरात, आमच्या बेटावर वर्षातून एकदोनदा उगवतो आणि आल्या आल्या सगळ्यांना शहाणपण शिकवतो. त्या ऑक्टोबरात तर त्यानं हद्दच केली.

वाल्बोर्ग माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून एकटीच बोट काढायची, जाळी टाकायची, आणि धक्क्यावर कुणी मदतीला हात पुढे केला की त्याच्यावर खेकसायची. त्या उन्हाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. शेजाऱ्यांनी तिची बोट किनाऱ्यावर ओढून घेतली तेव्हा ती काठी टेकून शिव्या घालत उभी होती. आता बर्फ पडायच्या आत बोट झाकायची होती, आणि जुन्या प्लास्टिकचा उन्हानं भुगा झाला होता. केनेत म्हणाला, मी घेऊन देतो. मीही गाडीत बसले. त्या दोघांना एकटं सोडणं बरं नव्हतं.

दुकानात त्यानं थेट सगळ्यात जाड प्लास्टिकवर हात ठेवला.

"हे घेऊ. पार जमिनीपर्यंत ओढायचं, चारी बाजूंनी आवळून टाकायचं. थेंब आत जाणार नाही."

"आणि वारा?" वाल्बोर्ग कडाडली. "लाकडाची बोट आहे ती, हेरिंग माशांची बरणी नव्हे! दोन्ही टोकं उघडी ठेवतात. आतल्या आत घाम धरला की फळ्या कुजतात. एवढंही माहीत नाही तुला?"

"बरं बाई, टोकं उघडी ठेवू. पण घ्यायचं हेच."

तिनं काठी बाजूला टेकवली आणि दोन्ही हातांनी ती घडी उचलायला गेली. घडी हलेना.

"तुला कशाला उचलायचंय?" केनेत म्हणाला. "मी येईन ना काढायला."

"कधी?"

"मे महिन्यात. सुट्टी मिळाली की."

"तोवर मासे काय तुझ्या सुट्टीची वाट बघत बसणारेत?"

दुकानदार फिस्सकन हसला. केनेतचे कान लाल झाले आणि पोटातलं ओठांवर आलं. "हे बघ वाल्बोर्ग, याची पाच वर्षांची गॅरंटी आहे. पाच वर्षं हात लावायला नको. तुझी मरीताही तेच म्हणते."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे लेक-जावयाचं घरी सगळं ठरलं होतं. त्यांना बोट झाकायची नव्हतीच, पुरायची होती! आणि आईला ते सांगायची हिंमत मात्र एकालाही नव्हती.

"पाच वर्षं?" वाल्बोर्ग म्हणाली. "मग मलाही आत घाल आणि वरून बांधून टाक. दोघींची सोय होईल."

मग तिनं एकेक घडी उचलून बघितली. सगळ्यात पातळ, हिरवी, तेवढीच तिच्या काखेत बसली.

"हे बर्फाच्या वजनानं फाटेल," दुकानदार म्हणाला. "पडला की लगेच झाडावा लागेल."

"झाडीन. हात मोडलेत का माझे?"

आणि तिनं झाडला. जितक्या वेळा बर्फ पडला तितक्या वेळा ती प्लास्टिकखालून झाडू वर ढकलत केनेतच्या नावानं ओरडताना मला स्वयंपाकघरातून ऐकू यायची. मी जीव मुठीत धरून खिडकीत उभी राहायची. बाहेर जायची सोय नव्हती, मलाच झाडून काढलं असतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळून समुद्र मोकळा झाला. तिनं दोऱ्या सोडल्या, प्लास्टिक स्वतः ओढून खाली घेतलं. आतून बोट कोरडी ठणठणीत होती. तिनं काठावर हात ठेवला आणि पाय उचलला. पाय वर जाईना. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मी जवळच उभी होते, पण पुढे व्हायचा धीर होईना.

ती गर्रकन वळली. तोंड लालबुंद.

"बघत काय उभी राहिलीस? स्टूल आण!"

मी धावत जाऊन आणलं. ती चढली, बाकावर बसली, धापा टाकत राहिली. मग माझ्याकडे न बघताच ओरडली, "आणि उद्या जाळी टाकायला तूही येणारेस. मला एकटीला जमत नाही आता!" जणू काही हा माझाच गुन्हा होता.