उतारावरची चादर

सुनेनं गॅलरीत चादरी वाळत घालायच्या आणि सासूनं त्या ओल्याच आत आणायच्या, हा त्या घरातला नेहमीचा तमाशा होता. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं, कारण दोघीही अवाक्षर काढत नसत. सून मशीनमधून पांढऱ्या चादरी काढायची, दोरीवर टाकून चिमटे लावायची आणि कामावर निघून जायची. दार लागलं की म्हातारी उठायची, चिमटे काढायची आणि चादरी बाथरूमच्या दांडीवर नेऊन टाकायची. तिथं त्या काही वाळत नसत आणि घरभर कुबट वास सुटायचा. रंगीत कपड्यांना मात्र ती बोट लावत नसे. मुलाचा लाल शर्ट गॅलरीत आठवडाभर लोंबकळला असता तरी तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"अहो आई, निदान आजच्या दिवस तरी राहू द्यायच्या," शेवटी एकदा सून बोललीच. "वास मारतायत त्या."

"मारू देत. तिकडून जाऊबाईंनी पाहिल्या तर? जीव टांगणीला लागेल त्यांचा."

तिकडून म्हणजे बेटावरून. ही गॅलरी थेट समुद्राकडे उघडते. हवा स्वच्छ असली की पलीकडे बेट दिसतं आणि त्याच्यावरचा मोकळा उतारही दिसतो.

"त्यांना तिथून आपली गॅलरी दिसते?"

"मला त्यांचा उतार दिसतो, मग त्यांना माझी गॅलरी का नाही दिसणार?"

सून हसली आणि वासाची सवय करून घ्यायला लागली.

म्हातारीचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्या बेटावर गेलं. सत्तरी ओलांडली तरी तिकडच्या लोकांच्या तोंडी तिचं नाव धाकटी, कारण त्या घरात तिच्या आधी थोरली आली होती. दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका, एक चूल, एक विहीर आणि आरसाही एकच. त्या आरशावरून दोघींचे सकाळी सकाळी खटके उडायचे. थोरली केस विंचरायला बसली की उठायचं नाव घेत नसे.

बेटावर दवाखाना नव्हता, धड दुकान नव्हतं. होती ती चादर. प्रत्येक घरात दारामागच्या खुंटीवर एक जाड पांढरी चादर घडी करून ठेवलेली असे. ती कधी अंथरायची नाही, अंगावर घ्यायची नाही. घरात कुणी पडलं, कुणी तापानं फणफणलं, कुणी बाळंतपणात अडलं, की दुसऱ्या कुणीतरी ती घेऊन उतारावर पळत सुटायचं आणि तिथल्या दोन खांबांना बांधायची. पलीकडच्या बंदरातून ती दिसली की डॉक्टरला घेऊन बोट निघायची, मग समुद्र कसाही असो. म्हणून त्या उतारावर कुणी साधा रुमालसुद्धा वाळत घालत नसे. चादर दिसली की धावायचं, नाही दिसली तर सगळं ठीक आहे. बोलायला शिकण्याआधी तिथल्या पोरांना हे कळायचं.

कळलं नव्हतं ते फक्त एका नव्या नवरीला. धाकटी बेटावर आली ती पलीकडच्या मोठ्या गावातून, आणि आल्या आल्या कामाचा उरक दाखवायचा म्हणून तिनं घरातली सगळी अंथरुणं धुऊन काढली. इतके छान खांब आणि इतका छान वारा असताना या बायका कपडे कुंपणावर कशाला पसरतात, याचं तिला नवल वाटलं. तिनं त्यातली एक पांढरी चादर खांबांना चांगली ताणून बांधली आणि खूश होऊन घरी आली. दुपारी बोट लागली. डॉक्टर छातीपर्यंत भिजलेला, ओकून ओकून पांढराफटक पडलेला. धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं, "पेशंट कुठाय?" तोवर सगळं गाव अंगणात गोळा झालेलं. सासऱ्यांनी एकदा धाकटीकडे पाहिलं.

तेवढ्यात आतून कण्हण्याचा आवाज आला. थोरली आडवी पडून पोट धरून तळमळत होती. डॉक्टरनं दाबलं तिथं तिला दुखत होतं आणि नाही दाबलं तिथंही दुखत होतं. त्यानं डोकं खाजवलं आणि काळ्या कडू औषधाची एक भलीमोठी बाटली देऊन तो गेला. घरची वडीलधारी माणसं समोर बसवून थोरलीला ते औषध पाजू लागली. ती मुकाट्यानं पीत राहिली.

"जाऊबाई, का केलंत हो असं?" विहिरीवर धाकटीनं विचारलं.

"तुला काय करायचंय? बाटली अजून अर्धी आहे, उरलेली तू पी."

आणि धाकटी खरंच प्यायली. तेव्हापासून त्या दोघींचं जे जमलं, ते कधी बिनसलं नाही. आरशाचे खटके सोडून देऊ, ते चालूच राहिले.

पुढे चादर खऱ्या कारणांसाठी लागत गेली. धाकटी पहिल्या बाळंतपणात अडली तेव्हा थोरली ती घेऊन उतारावर धावली. थोरल्या दिरांनी अंथरूण धरलं तेव्हा धाकटी धावली. स्वतः थोरलीच्या पोटात एकदा खरोखरच कळा आल्या, तेव्हाही धाकटीच धावली, आणि धावता धावता हसत होती, कारण डॉक्टर आता विश्वास कसा ठेवणार हाच तिच्यापुढे प्रश्न होता. थोरलीला मूल झालं नाही. धाकटीच्या मुलाला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं आणि तो तिला मोठी आई म्हणायचा.

मग बेटाला गळती लागली. शाळा बंद झाली, पोरं कामधंद्याला पलीकडे गेली, एकेका घराला कुलूप लागलं. दोघींचे नवरे मागेपुढे गेले. शेवटी मुलगा लाँच घेऊन दोघींना न्यायला आला, तेव्हा थोरली अंगणात बटाटे सोलत बसली होती. ती काही उठली नाही.

"मोठी आई, चल ना."

"तिसऱ्या मजल्यावर माझ्या कोंबड्या कुठं ठेवशील?"

त्यानं तिच्या हातात मोबाइल दिला. रेंज मात्र फक्त खाली धक्क्यावर यायची. "बोलायला तिथवर उतरायचं, त्यापेक्षा मी घरूनच ओरडेन," असं म्हणून तिनं तो पिठाच्या डब्यात ठेवून दिला.

धक्क्यावर धाकटी रडायला लागली तेव्हा थोरली तिला रागावली. "धाकटे, पूस डोळे आधी. खांब आहेत, चादर आहे. मला काही झालं तर चादर लावीन. तू बघत राहा."

"रोज बघेन."

"आणि तुला काही झालं तर तू लाव. तुझ्या दिरांची होडी आहे अजून, मी येईन वल्ही मारत."

तिनं ठरवलं असतं तर ती आलीही असती. म्हणून तर गॅलरीतल्या चादरी ओल्याच आत यायच्या.

धाकटीचा दिवस उताराकडे बघून सुरू व्हायचा. चहाचा कप घेऊन ती गॅलरीत यायची, डोळे बारीक करायची, आणि उतार मोकळा दिसला की मगच पहिला घोट घ्यायची. तिला भीती एकच होती, ती म्हणजे आपले डोळे. जाऊबाईंनी चादर लावायची आणि आपल्याला ती दिसलीच नाही तर? मोतीबिंदू आहे म्हटल्यावर तिनं स्वतः मुलाच्या मागे लागून ऑपरेशन करून घेतलं. "आजी, वाचायला त्रास होतो का?" असं डॉक्टरनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "वाचायचंय कुणाला? मला उतार बघायचाय." पट्टी निघाली त्या दिवशी ती गॅलरीतून लहान पोरीसारखी ओरडली, "अरे, दोन्ही खांब वेगवेगळे दिसतायत!"

एकदा भाजी निवडता निवडता सून सहज म्हणाली, "पण आई, हे उलटं का नाही करत? त्यांनी बरं असताना रोज चादर लावायची. नाही दिसली की आपण जायचं."

धाकटीला हसू आवरेना. बरं असताना चादर? बेटावर कुणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तिनं हा विनोद तिकडे जाणाऱ्या लाँचवाल्याच्या तोंडून थोरलीला मुद्दाम कळवला. पुढच्या खेपेला तो उलट निरोप घेऊन आला, "तुझ्या सुनेला म्हणावं, आमच्याकडे उगाच चादर लावली की कडू औषध प्यावं लागतं." तो निरोप धाकटीला दिवसभर पुरला.

लाँच दर पंधरवड्याला बेटावर सामान घेऊन जायची. एका खेपेला वारा उठला आणि लाँच काही गेली नाही. मुलाला काळजी वाटायला लागली.

"दुसरी बोट बघून जाऊन येऊ का?"

"कशाला या वाऱ्यात?" धाकटी म्हणाली. "चादर कुठाय? उतार मोकळा आहे. बघ की, मला इथून स्वच्छ दिसतोय." आणि तिनं चहाचा घोट घेतला.

वारा पडल्यावर लाँच गेली. दुपारी मुलगा कामावरून अवेळी परतला आणि बूट न काढता आईसमोर येऊन बसला. लाँचवाल्याचा फोन आला होता. मोठी आई आता नाही, आणि जाऊन बरेच दिवस झाले असावेत, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी आज सकाळीच बघितलंय. चादर नव्हती."

तिनं पुन्हा सांगितलं, "अरे, चादर नव्हती."

दोघं बेटावर पोचली तेव्हा थोरलीला आत, भिंतीलगत ठेवलं होतं. कोंबड्या भुकेनं दारात कलकलाट करत होत्या. चूल विझलेली होती, सोलायला घेतलेले बटाटे तसेच पडले होते. तिच्या अंगावर तीच जाड पांढरी चादर पसरलेली होती. ती बघून धाकटी लाँचवाल्याला तटकन बोलली, "ही अंगावर घ्यायची नसते. कुणी घातली ही?"

"मावशी, त्यांच्या हातातच होती," तो खालमानेनं म्हणाला. "अंगणाच्या पायरीशी सापडल्या. घरात पडल्या असणार. कमरेतून मोडल्यासारख्या वाटतात. तिथून खुंटीवरची चादर ओढून काढली आणि सरपटत पायरीपर्यंत आल्या. पुढे चढ आहे ना."

चादरीची एक कड मातीनं काळी झाली होती. धाकटी ती कड हातात धरून खाली बसली.

आजाऱ्यानं चादर कधी लावली होती का? तिनं आठवून बघितलं. कधीच नाही. आजाऱ्यानं कण्हत पडायचं आणि दुसऱ्यानं धावायचं. थोरलीची चादर धाकटीनं लावली, धाकटीची थोरलीनं. घरात एकटंच माणूस उरल्यावर ती लावणार कोण, हे दोघींच्या डोक्यात आलं नाही. ज्या सुनेनं बेटावर पाऊलही ठेवलं नव्हतं तिच्या डोक्यात आलं, आणि तिला दोघी हसल्या. थोरली मात्र ठरल्याप्रमाणे चादर लावायला निघाली होती. धाकटी बघतेय याची तिला खात्री होती, आणि धाकटी खरंच बघत होती. डोळ्यांनी दगा दिला नव्हता.

"मी चहा पीत होते रे," ती मुलाला म्हणाली. "उतार मोकळा आहे म्हणून मी चहा पीत होते." मग तिचा बांध फुटला आणि ती थोरलीच्या छातीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. मुलानं तिला आवरलं नाही.

थोरलीला तिथंच, तिच्या माणसांशेजारी माती दिली. कोंबड्या लाँचवाल्यानं नेल्या.

चार दिवसांनी धाकटी घरी परतली. जिन्यात पावलं वाजली तशी सून लगबगीनं गॅलरीत गेली आणि दोरीवरच्या चादरी ओल्याच गोळा करायला लागली. सासूला आल्या आल्या त्या दिसायला नकोत, एवढंच तिच्या मनात होतं. धाकटी तिच्या मागे येऊन उभी राहिली. पलीकडे बेट होतं, उतार होता, दोन्ही खांब वेगवेगळे दिसत होते.

"राहू दे गं," ती म्हणाली आणि सुनेच्या हातातली चादर घेऊन तिनं ती पुन्हा दोरीवर टाकली, हातानं सुरकुत्या काढल्या, दोन्ही टोकांना चिमटे लावले. "वाळू दे इथंच. तिकडून बघायला आता कोण आहे?"