चावी माझ्या पर्समध्ये

मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावायची कल्पना माझीच. आमची शाळा शेंद्र्याजवळची, दोन शिक्षकी. सर आणि मी. सुट्टीच्या दिवशी येणारे-जाणारे आत घाण करून जात आणि सोमवारी बादल्या ओतायच्या मी. शेवटी वैतागून कुलूप आणलं. चावी माझ्याकडं, मुलीनं मागितली की द्यायची. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "वा बाई, लखलखतंय!" मी काय फुगले म्हणता!

मग शहरात एक दिवसाचं प्रशिक्षण लागलं. विषय, सुरक्षित आणि आनंददायी शाळा. मी तक्त्यावर झोकात लिहिलं, 'मुलाला न घाबरता काहीही सांगता आलं पाहिजे.' टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी रुमालासाठी पर्स उघडली, तर आत चावी. लगेच सरांना फोन केला. ते म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, एका दिवसानं काय होतंय!" आणि मलाही ते पटलं. लोकांच्या लेकरांच्या बाबतीत आपल्याला असं चटकन पटतं.

दुसऱ्या दिवशी तिसरीतली एक मुलगी आली नाही. बडबडी, उत्तर येवो न येवो, हात वर करणारी. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. सरांना सांगायची लाज वाटली म्हणून तिनं शेवटच्या तासापर्यंत धरून ठेवलं होतं. फळ्यापुढं पाढे म्हणताना स्कर्ट ओला झाला. पोरं हसली.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई नुकतीच कंपनीतून आली होती. मी माफी मागितली, तर ती माउली मलाच समजावायला लागली. "तुमची काय चूक बाई, हिलाच धरवलं नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी आईच्या मागं उभी होती. माझ्याकडं बघत नव्हती.

चार दिवसांनी ती शाळेत आली. तोवर मी कुलूप काढून टाकलं होतं, मुलांना चांगली समज दिली होती. कुणी चिडवलं नाही. मला वाटलं, निभावलं.

पण खिचडी खाऊन सगळी मुलं नळाकडं धावायची, तेव्हा ही जागेवरच बसून राहायची. एप्रिलात तिचे ओठ फुटले. मी माझी बाटली पुढं केली. म्हटलं, "दोन घोट तरी घे गं. आता कुलूप नाही."

तिनं बाटलीकडं पाहिलं, आवंढा गिळला आणि मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "मला शाळंत तहानच नाय लागत, बाई."