थांबाभाऊ आणि हिचा मण्यांचा खेळ

कुणाच्याही घरी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला की हा माणूस चपला काढायच्या आधी ओरडायचा, "थांबा! आधी हात काढा तिथनं." मग समोर सोसायटीचा सेक्रेटरी असला तरी त्याने मुकाट्याने माउसवरचा हात उचलायचा. नमस्कार वगैरे नंतर. म्हणून आमच्या मरोळच्या गल्लीत सगळे त्याला थांबाभाऊ म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. आता बायको गेल्यावर लोक सांत्वनाला येतात, कोण कोण किती चांगलं वागलं ते सांगतात. थांबाभाऊ चांगला वागला असं मी म्हणणार नाही. मला त्याचा अजून राग आहे. पण लिहायला बसलो तर दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही.

त्याचं दुकान जिन्याखाली, झेरॉक्सवाल्याच्या मागे. आत पोटं फाडून ठेवलेले कॉम्प्युटर आणि मधोमध हा, स्टुलावर उकिडवा. माणूस अकोल्याकडचा. आल्यागेल्याला जय भीम घालायचा आणि लगेच भांडायला घ्यायचा. बाकीचे दुकानदार काहीही बिघडलं की फॉरमॅट मारायला सांगतात, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरं करायचं. हा शब्द त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. "ढेकूण झाले म्हणून घर पाडता का?" असं बँकेतल्या एका साहेबाला तोंडावर विचारलेलं मी ऐकलंय. साहेब उठून गेला आणि चार दिवसांनी तोच कॉम्प्युटर घेऊन परत आला.

त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, "बंद पडायच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?" सगळे एकच सांगायचे, काहीच नाही. मग हा मान हलवून म्हणायचा, "हो का. मरोळमध्ये कोणीच काही करत नाही आणि रोज माझ्याकडे रांग."

आमच्या घरी तो आला ते माझ्या बायकोमुळे. सुनंदाला लकवा झाला आणि तिचा उजवा हात गेला. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्या म्हणाल्या की बोटं हलती ठेवा, मुलाचा जुना कॉम्प्युटर आहे तर माउस धरू दे. मुलगा बंगळूरला असतो, त्याने तिकडून फोनवर सांगून सांगून माझ्याकडून तो चालू करून घेतला. आत एक खेळ होता. रंगीत मणी, एका रंगाचे तीन ओळीत आले की फुटायचे. पहिला महिना हिला एक मणीसुद्धा सरकवता आला नाही. दात-ओठ खाऊन बसायची. चार महिन्यांत एकसष्टाव्या पायरीवर गेली. तोंड वाकडं, शब्द नीट फुटत नाही, पण मी कामावरून आल्यासारखा बाजारातनं आलो की डाव्या हाताने आकडा दाखवायची.

आता माझं ऐका. मी सातवी पास, सगळी उमर लेथ मशीनवर गेली. नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडून भजनं भरून आणलेला पेनड्राइव्ह एका मंगळवारी मी त्या कॉम्प्युटरला लावला. ही झोपली होती. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेला डबा आला. काढला तरी परत आला. माझं डोकं फिरलं. डब्यात लाल बटण दिसलं ते दाबलं. डबा गेला. मी म्हटलं, झकास.

दुसऱ्या दिवशी हिने खेळ उघडला तर उघडेना. पांढरी चौकट आणि एक वाक्य, बस. तिने तीनदा दाबून पाहिलं. मग उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि त्यावर पदर ओढला. त्यानंतर अकरा दिवस तो हात पदराबाहेर आला नाही. व्यायामाच्या बाई ओरडल्या, तरी नाही. मला आतून कळलं होतं. त्या लाल बटणाची आठवण मला रोज होत होती. पण मी बोललो नाही. उलट शेजारच्या पाटकरीण विचारायला आल्या तेव्हा मी हिच्यासमोर म्हणालो, "हात थरथरतो ना तिचा, दाबलं असेल काहीतरी वाकडं."

मुलगा म्हणाला, बाबा, फेकून द्या ते डबडं. दोन दुकानदार म्हणाले, फॉरमॅट. मी म्हटलं मारा, नव्याने खेळेल. तेव्हा ही डोळ्यांत पाणी आणून नाही नाही करायला लागली, म्हणून शेवटी थांबाभाऊला बोलावलं.

तो आला, ओरडला, बसला. माझ्याकडे न बघता त्याने हिला विचारलं, "काकू, कितव्या पायरीवर होता?" लकवा झाल्यापासून लोक हिच्याबद्दल मला विचारायचे, जेवतात का, झोपतात का, जशी काही ती खोलीतच नाही. हिने बोटं दाखवली. तो म्हणाला, "एकसष्ट? मग फॉरमॅटचं नाव काढेल त्याला मी जिन्यावरनं ढकलतो."

मग त्याने मला समजावलं. "काका, खेळाला काही झालेलं नाही. खेळ ज्या फाईलीवर उभा आहे ती विंडोजची फाईल, तिच्यात व्हायरस शिरला होता. तुमच्याकडे व्हायरस पकडणारा प्रोग्राम आहे, त्याने पकडलाही. पण धुवायची सोडून अख्खी फाईलच उडवली कोणीतरी." दोन दिवस खपला. आधी व्हायरस साफ, नाहीतर आणलेली फाईलही नासेल म्हणाला. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चांगली फाईल आणली, ती बसेना. ती वेगळ्या विंडोजची निघाली. तेव्हा स्वतःलाच अशा शिव्या घातल्या की हिने कानावर डावा हात ठेवला. पुन्हा जाऊन बरोबर फाईल घेऊन आला.

मी चहा घेऊन बाहेर आलो तर मणी पडद्यावर होते. एकसष्टावी पायरी. मी कप ठेवतो न ठेवतो तोच हा म्हणाला, "काका, इथे नोंद आहे. मंगळवार, दुपारी अडीच. फाईल तेव्हा उडवली. काकू तर दुपारी झोपतात. कोणी दाबलं?"

"माझ्या घरात येऊन माझी उलटतपासणी घेतोस?" मी ओरडलो. "तुला मशीन दुरुस्त करायला बोलावलंय की पंचनामा करायला?"

"दाबलं कोणी, एवढंच विचारलं."

"मी दाबलं! पेनड्राइव्हपण मीच लावला! आता काय फाशी देतोस?"

ही हसली. अर्ध्या तोंडाने, पण खदखदून. आणि पदरातनं हात काढून माउसवर ठेवला. थांबाभाऊ चहा न पिता गेला, आणि मी त्याला थांब म्हटलं नाही. पुढे दीड वर्ष रस्त्यात दिसला तर मी मान फिरवायचो. साठ वर्षं उलटलेल्या माणसाला त्याच्या बायकोसमोर चोर ठरवायचं, ही कुठली रीत?

ही शहाऐंशीव्या पायरीवर असताना गेली. दुसरा झटका आला, दवाखान्यात पोचलोच नाही. थांबाभाऊ मयताला आला होता, लांब उभा राहिला. महिनाभराने ती इमारत पाडायला काढली आणि जिन्याखालची दुकानं उठली. तो सामान टेम्पोत भरत होता, तेव्हा मी भांडायलाच गेलो. एवढ्या दिवसांचं साचलेलं होतं. म्हटलं, "बाजूला घेऊन विचारता आलं नसतं तुला? तिच्यासमोरच कशाला?"

हातातली वायर गुंडाळत तो म्हणाला, "काका, तुम्ही चहा करायला आत गेलात तेव्हा काकूंनी मला विचारलं होतं. त्यांची कोकणातली बोली, त्यात शब्द अर्धवट, मला आधी कळेना, त्यांनी तीनदा सांगितलं. 'ह्यां माज्या हातान मोडलां काय?' मी म्हटलं नाही. त्यांना खरं वाटेना. म्हणाल्या, हे तर म्हणतात माझ्याच हातानं झालं. मग मी काय करणार होतो, सांगा."

टेम्पो गेला. कुठे दुकान टाकलं ते मी विचारलं नाही, आता विचारायला कोणी उरलं नाही. अकरा दिवस मी तिच्याशेजारी जेवलो, तिला भरवलं, तिची वेणी घातली. हा प्रश्न तिने मला केला नाही. घरात दोन दिवस आलेल्या परक्या माणसाला केला.