एका हातात मावणारी कादंबरी

डायलिसिसच्या खुर्चीत चार तास अडकून पडलं की किस्से आपोआप साठत जातात. वैतागून उठून जायची सोय नसते ना!

राजारामपुरीतल्या आमच्या सेंटरवर मी, मगदूम अण्णा आणि मलकापूरहून एसटीनं येणाऱ्या सुलतानाभाभी, अशी आमची एक बॅच. खुर्च्या शेजारीशेजारी. तिघांनाही कादंबऱ्यांचं वेड, तेही धडाधड खपणाऱ्या, जाडजूड कादंबऱ्यांचं. पण एका हाताला सुया, तो हलवायचा नाही. दुसऱ्या हातानं असलं धूड किती वेळ पेलणार? म्हणून नवी कादंबरी आली की आम्ही आधी तिचे चार भाग फाडतो आणि आळीपाळीनं फिरवतो. पुस्तकप्रेमींनी माफ करावं, किंवा करू नये.

एकदा भाभींच्या हाती एका प्रेमकथेचा तिसरा भाग आधी पडला. त्यात नायक अपघातात जातो. पुढच्या खेपेला पहिला भाग मिळाला, तर त्यात त्याच नायकाच्या हळदीचं भलंमोठं वर्णन. त्याला हळद लागेपर्यंत भाभी रडून लाल झाल्या. सिस्टर बीपी बघायला धावल्या.

खुनाच्या कादंबरीचं तर विचारूच नका. तिचा शेवटचा भाग चौथ्या खुर्चीतल्या बाईंनी घरी नेला होता. त्या परत आल्याच नाहीत. आता त्यांच्या दिवसकार्याला जाऊन खून कुणी केला हे कसं विचारायचं? आमचा खुनी अजून मोकाट आहे.

मग ती गाजलेली, आजारी नायिकेची. मी शिरोलीच्या फौंड्रीत आहे, तिथल्या साहेबांनी मुद्दाम दिली होती, मला धीर येईल म्हणून. नायिका दिवसेंदिवस जास्तच सुंदर दिसत जाते, एकदाही ओकत नाही, आणि मन भरून आलं की गटागटा पाणी पिते. आम्हाला तर डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. वाचता वाचता भाभी म्हणाल्या, "प्रेम ऱ्हाऊ दे तिचं. त्यो तांब्या तेवढा हिकडं द्या की."

अण्णांना मात्र कौटुंबिक कादंबऱ्याच लागतात. अण्णांचं खतांचं दुकान आहे. वडील गेल्यावर धाकट्या भावाला, बाळूला त्यांनीच वाढवलं, दुकानात बरोबरीनं बसवलं. अण्णांना बाळूची किडनी जुळली. त्यानं सगळ्यांसमोर हो म्हटलं, घरात पेढे वाटले गेले. मग म्हणाला ऊस कारखान्याला जाऊ दे, मग मुलीचा साखरपुडा होऊ दे, मग बायको नको म्हणते. इकडं अण्णांचं हृदय थकत चाललंय. आणखी थांबलात तर ऑपरेशनच झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मला बाळूचा भयंकर राग येतो. अण्णांना येत नाही हे बघून आणखी येतो.

आणि हा किस्सा गेल्या महिन्यातला. अण्णांचा मुलगा परगावी गेलेला, म्हणून त्यांना घेऊन बाळू आला. स्टुलावर बसून कंटाळला, मोबाइलची बॅटरी संपली, तेव्हा त्यानं अण्णांच्या शेजारी पडलेला एका कादंबरीचा चौथा भाग उचलला. आमचा तिघांचा वाचून झाला होता. त्यात धाकटा भाऊ थोरल्याला आपली किडनी देतो.

मी भाभींकडं बघितलं. भाभी छताकडं बघत होत्या. बाळू वाचत गेला, अगदी मन लावून. शेवटच्या पानाला त्यानं रुमाल काढून डोळे पुसले.

"काय लिवलंय, अण्णा! असला भाऊ मिळायला नशीब लागतंय बघा."

"लागतंय की," अण्णा म्हणाले.

बाळूनं तो भाग नीट गुंडाळून पिशवीत ठेवला.

"घरी न्हेतो ह्यो. बायकोला असलं लई आवडतंय."