बाबांनी सोडलेली घूस
फिनेलचा वास आला की मला घोडपदेवच्या चाळीतली एक सकाळ आठवते. बाबा पालिकेत रात्रपाळीला काठीने उंदीर मारायच्या कामावर होते. ड्युटीवरून येऊन ते मोरीत फिनेलच्या पाण्याने हात धूत होते आणि मी कॉलेजातली फ्रेंच कविता मोठ्याने वाचत होते. "कशावर आहे गं?" त्यांनी विचारलं. मी बिचकत म्हणाले, "गटारातल्या घुशीवर. कवी तिला सुंदर म्हणतो." मला वाटलं, ते चिडतील. पण हात पुसत ते हळूच म्हणाले, "एकदा एक घूस पिल्लू तोंडात धरून पळत होती. मी काठी खाली घेतली. तुझ्या आईलापण सांगितलं नाही." मग खाली बसत म्हणाले, "वाच परत." आज मी फ्रेंच शिकवते, पण ती कविता मला कळली ती बाबांकडून.