पथारीवरचा ठसका

तेव्हा मी नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे अक्कल फुटायचं वय. लेकाने मोबाइल घेऊन दिला आणि बाईसाहेब हवेत गेल्या.

नगरपालिकेची निवडणूक होती आणि माझी मैत्रीण उभी होती. इथल्या जुन्या मुसलमान व्यापारी घरातली. तिच्याच पथारीवर, लाल मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेत, आम्ही बाया देठ खुडायला बसायचो. मालकीण असून ती बसायची माझ्याच शेजारी.

एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आला. ही निवडून आली की देठ खुडायचं मशीन आणणार, बायांची मजुरी बुडणार. कचेरीतल्या मराठीत लिहिलेला, त्यामुळे कोणी ढुंकून बघेना. मशीनच आणायचं तर तिला निवडणूक कशाला लागते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात आलं ते हे, की आपल्या बोलीत सांगितलं तर पटेल.

ती जेवायला घरी गेली होती. पथारीवर बसल्या बसल्या मी मोबाइलमध्ये आवाज भरला आणि बायांच्या ग्रुपवर पाठवला. "बायाहो, ती निवडी उनी ते आपलं काम बंद व्हई जाई. मी मन्हा कानघाई ऐकं!" कान कुठले, नुसतं वाचलेलं. पण शहाणीला रंगत आणायची होती! मध्येच मिरचीचा ठसका लागला, तोही तसाच गेला.

त्या ठसक्यानेच घात केला. लोक म्हणाले, पथारीवरचीच बाई बोलतेय, मग खोटं कसं असेल? संध्याकाळी माझा आवाज फिरून मलाच आला. मी खूश!

मैत्रीण पडली. दुसऱ्या दिवशी येऊन नेहमीसारखी शेजारी बसली, मूठभर मिरच्या खुडल्या.

"आक्का, तुन्हा ठसका वयखा मी. मन्हाजोडेच बठस ना तू? माले इचारती ते खरी!"

ठसक्यावरून ओळखलं होतं तिने मला. उठून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली. अजून तिथेच बसते.

मी घरी दार लावून, स्वच्छ आवाजात, ते खोटं होतं असं भरून पाठवलं. ते कोणीच पुढे पाठवलं नाही.

यंदा ती पुन्हा उभी आहे. परवा रिक्षात बसले, तर रिक्षावाल्याच्या मोबाइलवर माझाच ठसका.

"भाऊ, खोटं शे ते."

"आजी, तुमले काय माहीत? हाई बाई पथारीवरनी शे. ठसका ऐका ना!"

"अरे, तो आवाज मन्हा शे."

तो हसला. मग भर रस्त्यात मी ठसका काढून दाखवला, अगदी तस्साच.

त्याने घाबरून रिक्षा बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली पुढे केली.