पायाळूची पाठ

मी पायांकडून जन्मले. अशा मुलाला पायाळू म्हणतात, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की दुखणारी पाठ मोकळी होते, असं निपाणीतल्या आमच्या गल्लीत अजूनही मानतात. त्यामुळं शाळेत नाव घालायच्या आधीच मला काम लागलं होतं. घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या आणि दिवेलागणीला त्यांतली कुणी ना कुणी कमरेवर हात ठेवून आमच्या दारात यायची. "पोरगी हाय का गं? उसण भरलीया." मग ती चटईवर पालथी झोपायची आणि मी उजवा पाय तिच्या पाठीवर तीनदा ठेवायची. सगळ्यांत शेवटी आईचा नंबर. ती म्हणायची, "जोरात ठेव. मला हळू कळत न्हाय."

वडील छापखान्यात होते. कामगारांची, सीमाप्रश्नाची, बुवाबाजीविरुद्धची अशी नाना पत्रकं तिथं छापली जायची आणि शाई फिसकटलेली घरी यायची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. मला बाराखडीच्या आधी उद्गारचिन्ह येत होतं. आठवीत असताना वडील गेले. त्यांच्या ट्रंकेत एक पिवळं पत्रक सापडलं. त्यात लिहिलं होतं, जन्मानं कुणाच्याही अंगी काहीही येत नाही! ना मोठेपण, ना हलकेपण, ना जादू!

ते वाचून मी दुसऱ्याच दिवशी संप केला. शेजारची आक्का वाकून वाकून दारापर्यंत आली तर मी उंबऱ्यात उभी राहून तिला अख्खं पत्रक वाचून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"झालं? आता पाय लाव," ती म्हणाली.

"लावणार नाही."

"का गं? पायाला भाडं पायजे व्हय?"

गल्ली हसली, पण मी हटले नाही. संध्याकाळी आईनं चटई टाकली. मी तिलाही सांगितलं, "तुझी पाठ सुपामुळं दुखते. दिवसाला दहा तास वाकून बसलीस तर दुखणारच. माझ्या पायाचा काय संबंध?" आई म्हणाली, "बरं." तिनं चटई गुंडाळली आणि त्यानंतर मला कधी विचारलं नाही.

कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. विषय अर्थातच बिडी वळणाऱ्या बायकांची पाठ. "हे दुखणं नशिबाचं नाही, कामाचं आहे!" मी ते दारोदार वाटलं. आईनं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि सुपाखाली मांडीवर घेतलं, तंबाखू साडीवर पडू नये म्हणून. मला राग आला नाही. माझा शब्द तिच्या कामाच्या इतका जवळ बसलेला बघून बरंच वाटलं.

नोकरीला मी बेळगावात आले. खडेबाजाराच्या मागं एक खोली घेतली. तिथंच, चोविसाव्या वर्षी, सकाळी उठता येईना. झोपेतून जाग यायची तेव्हा कंबर लाकडासारखी असायची. सलवारीत पाय घालायला भिंत धरावी लागायची. दहा वाजेपर्यंत हळूहळू सुटायची आणि मग दिवसभर मी विसरून जायची. गादी बदलली. स्कूटीला दोष दिला. रस्त्यांतल्या खड्ड्यांवर महानगरपालिकेला एक जळजळीत पत्रही लिहिलं.

सुट्टीला घरी गेले तेव्हा आईनं मला उठताना बघितलं. मी आधी कुशीवर वळले, मग कोपर टेकलं, मग गुडघ्यावर हात देऊन उभी राहिले. आई चुलीपाशी होती. तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"कवापासनं असं उठतीस?"

"झाले सात-आठ महिने."

"डॉक्टरकडं मीबी येतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात.

बेळगावातले डॉक्टर कन्नड होते, मराठी स्वच्छ बोलायचे. त्यांनी मला वाकायला लावलं, रक्त आणि फोटो लिहून दिले आणि आईकडं वळून कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, निमगू बेन्नु नोवु इदेया?" तुमचीही पाठ दुखते का? आईला बाजारापुरतं कन्नड चांगलं येतं. तिनं ताठ बसत सांगितलं, "इल्ला." नाही.

मी तिच्याकडं बघत राहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. रिक्षात म्हणाली, "कागदावर लिवलं की गावभर हुतंय. तुझं लगीन व्हायचंय अजून." मी तिला तिथंच झापलं. लग्नाच्या बाजारावर एक लहानसं भाषणही केलं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

अहवाल आणायला मी एकटी गेले. डॉक्टरांनी फोटोत कंबरेचा सांधा दाखवला. मणक्यांची सूज, म्हणाले. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. रक्तात एक जनुक सापडलं होतं. ते असलेल्या सगळ्यांनाच हा आजार होतो असं नाही, पण माझ्यात ते होतं आणि आजारही होता. गोळ्या आणि रोजच्या व्यायामानं आटोक्यात राहील, मुळातून जाणार नाही.

"आईची पाठ खरंच दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. मला आठवतंय तेव्हापासून दुखते. सकाळी सगळ्यांत जास्त. घरकामाला लागली की सुटते.

"मग त्यांनाही हेच असण्याची शक्यता आहे. घेऊन या. तपासल्याशिवाय गोळी देता येत नाही."

"पण ती तीस वर्षं बिड्या वळतेय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "दहा-दहा तास वाकून. त्याचं काय?"

"त्यानं त्रास वाढला असेल. नाही म्हणत नाही मी. पण असं दुखणं नुसत्या बसण्यानं सहसा येत नाही."

"मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

निपाणीच्या बसमध्ये मी ते वाक्य कितीदा तरी घोळवलं. ज्या पत्रकांवर मी वाढले त्यांत शेवटी कुणीतरी मुर्दाबाद असायचा. मालक असेल, सरकार असेल, भोंदू बाबा असेल. इथं कुणाचं नाव घालायचं? आणि जन्मानं कुणाच्याही अंगी काही येत नाही, हे मी किती दारांत ओरडून आले होते.

घरी आई सूप मांडीवर घेऊनच बसली होती. मी चप्पल काढायच्या आत ती बोलली. जणू आठवडाभर पाठ करून ठेवलं होतं.

"मला ठावं हाय कशानं झालं ते. लोकांची पाठ तुझ्या पायातनं वर चढली. एवढंसं पोर, आनि मी बायकांच्या पाठी तुझ्याफुडं घातल्या. माझीबी घातली. मीच केलं हे."

या अडाणीपणावर मी हजार शब्द बोलू शकले असते. तोंड उघडलंही. पण पायातनं काही चढलं नाही हे पटवायचं तर मग कुठून आलं ते सांगावं लागणार होतं. ते तिच्यातूनच आलं असणार. मी एका दोषातून तिला सोडवणार आणि दुसऱ्यात घालणार.

"तसं काही नसतं, आई. बसून बसून झालंय. ऑफिसात."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी समजून-उमजून खोटं बोलले.

"व्हय? आनि माझं?"

"तुझंही. सुपामुळं. पत्रकात लिहिलं होतं की मी."

"बरं." तिनं पान दुमडलं, दोरा मारला. मग मी कसंबसं म्हणाले, "डॉक्टरांनी तुलाही बोलवलंय."

"दोघीचं बसून झालंय, तर मला कशाला?"

मी चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली.

"माझी आई बी कुशीवर वळूनच उठायची," ती म्हणाली. "तू त्या दिवशी उठलीस तवाच कळलं मला. पायातनं चढलं म्हनलं, तर निदान ते माझ्या हातनं झाल्यालं. रगतातच हाय म्हटल्यावर काय करायचं गं?"

तिच्या शेजारी खाली बसावं म्हटलं, तर बसायलाही मला भिंत धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आपापल्या अंथरुणावर कुशीवर वळून, कोपर टेकून, गुडघ्यावर हात देऊन उठलो. बेळगावची पहिली गाडी आठला होती. आई दाराची चौकट धरून वाकून उभी होती. आता तिला पालथं झोपता येत नाही.

"लाव की पाय," ती म्हणाली. "कोन बघतंय?"

मी चटकन पुढं झाले. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा मागितलं होतं आणि मला द्यायचं होतं. भिंतीला हात लावला, उजवा पाय उचलला. तो तिच्या कमरेपर्यंत गेलाच नाही. तिच्या पोटरीशीच अडला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच.

तिनं मान वळवायचा प्रयत्न केला, पण मानही पुरती वळली नाही.

"न्हाय येत?"

"नाही येत, आई."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दोघीला मिळून एक पायाळू बघाय पायजे आता."